लाल ठिपक्याचा नट

आमच्या आत्याचं लग्न त्या दिवशी दुपारी होतं आणि नवरामुलगा सकाळीच दोनदा रस्त्यावर आपटला होता.

नवरामुलगा म्हणजे साठी उलटलेले ग्रंथपाल. आत्याही काही कोवळी नव्हती; पण तिनं हट्टच धरला होता की आपल्या जुन्यापुराण्या मोटारसायकलवर त्यांना मागं बसवून नोंदणी कार्यालयात जायचं. "जन्मभर एकटीनं चालवलीये ही गाडी. आज मागची सीट रिकामी नको," म्हणाली.

गाडीला मात्र हे लग्न पसंत नसावं. क्लच कितीही हळू सोडा, आधी ढिम्म, मग एकदम बेडकासारखी उडी. आत्या हँडलसकट पुढं, ग्रंथपाल जागच्या जागी, जमिनीवर. दुसऱ्यांदा कपडे झटकत ते अगदी नम्रपणे म्हणाले, "मी बसनं आलो तर चालेल का?" आणि गुडघ्याला पट्टी बांधायला शेजारी गेले. आत्या "चालेल की" म्हणाली आणि तोंड फिरवून घरात गेली. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ पाना हातात घेतला.

क्लचची केबल मोकळी होती. बाजूचं मोठं झाकण काढलं, आतल्या प्लेटी पाहिल्या, त्याही ठीक. झाकण उघडंच ठेवून बाबांना क्लच दाबून धरायला सांगितलं आणि किक हातानं फिरवली. प्लेटींवरची तबकडी सरळ उचलली जायच्या ऐवजी डुलत होती. एका बाजूला सुटलेली, दुसऱ्या बाजूला चिकटलेली. तबकडी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांवरचे नट पाहिले. बाकीचे जेमतेम आवळलेले आणि लाल ठिपक्याचा नट पार तळाला गेलेला.

"हा कुणी आवळला?"

"मी," बाबा म्हणाले. "थोडासाच. तोच तर क्लचचा नट!"

"मीही दिला होता अर्धा फेरा," काका म्हणाले.

आतून आत्या ओरडली, "मी तर बाहेर पडायच्या आधी नेहमीच देते!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. तो ठिपका आजोबांनी दिलेला, नट आवळायला सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून. आमच्या विद्वान घराण्यानं त्यालाच मुख्य ठरवलं आणि गाडी जरा कुरकुरली की जो तो मोठ्या झाकणावरची छोटी टोपी उघडून त्याचाच कान पिळायचा.

मी तो सैल केला, बाकीचे थोडे थोडे आवळले, पुन्हा किक फिरवली. तबकडी सपाट उचलली गेली आणि बाबा आनंदानं क्लच सोडून नाचायलाच लागले. माझी बोटं थोडक्यात वाचली.

झाकण लावून हात पुसतेय तोवर ग्रंथपाल लंगडत आले. आत्या बाहेर येऊन गाडी सुरू करून बसली होती, मान ताठ, त्यांच्याकडे बघायलाही तयार नाही. त्यांनी एकदा बसथांब्याकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे. मग चष्मा काढून खिशात ठेवला, मागं बसले, तिला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. गाडी दुरुस्त झालीये हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्यानं क्लच सोडला. मी पाना घेऊनच शेजारून धावत सुटले.

"सोडा आता क्लच," डोळे मिटूनच ते म्हणाले. "मी तयार आहे."

"अहो, आपण कोपरा ओलांडला!"

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"मग थांबू नका," ते म्हणाले.