सावकाश मास्तर सुटले

सावकाश मास्तरांनी सव्वीस वर्षांत चौदाशे माणसांना गाडी शिकवली, आणि तीही शेजारच्या सीटवर बसून. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर आणि तोंडात "सावकाश" हा शब्द कायम असे. नाव त्यावरूनच पडलं. टीव्हीवर कुणी जोरात पळालं तरी त्यांचा पाय सतरंजीवर दाबला जाई.

अशा माणसाला साठीनिमित्त मुलीनं कूपन दिलं: रेसच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या, नाहीतर रॅलीच्या मातीत चार. दोन्हींपैकी एकच.

"ट्रॅकच घ्या," बायको म्हणाली. "समोरून कुणी येत नाही."

"रॅलीत तरी कोण येतं?"

"झाडं येतात."

मुद्दा बिनतोड होता. ट्रॅक ठरला. आठवडाभर मास्तर दाढी करताना तोंडानं गिअर बदलत होते. चेहरा मात्र पोस्टात निघालेल्या माणसाचा.

ठरल्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मवर 'नवशिके' या चौकोनात टिक केली.

"मी चौदाशे जणांना शिकवलंय," मास्तर म्हणाले.

"अरे वा. इथे सही करा. ट्रॅक ना? मग घाबरू नका, काका. शिकवणाऱ्याकडे वेगळा ब्रेक असतो. तुम्ही चुकलात की तो दाबतो."

मास्तरांचं पेन थांबलं. घरच्या गाडीत बायको शेजारी असे. तिला ब्रेक लागतच नसे, ती नुसता श्वास आत ओढायची. आणि आता, आयुष्यात एकदा सुसाट जायचं, तर तिथेही दुसऱ्याचा पाय!

"आणि रॅलीच्या गाडीत?"

"तिथे नसतो. तिथे सगळं तुमच्यावरच."

"रॅली लिहा."

हेल्मेट चढवून मास्तर ऐटीत गाडीत बसले, पट्टा आवळला, वाट पाहू लागले. शिकवणारी मुलगी खिडकीत वाकली. "काका, स्टिअरिंग पलीकडे आहे."

पहिल्या फेरीत एक सायकलवालाही पुढे गेला असता.

"काका, तुम्ही दोघांचे ब्रेक एकटेच दाबताय," ती म्हणाली. "माझ्या वाटचा तरी सोडा!"

दुसऱ्या फेरीत तिच्या वाटचा सुटला. तिसऱ्या फेरीत वळणावर त्यांचाही सुटला. गाडीचं मागचं अंग सर्रकन घसरलं, मातीचा फवारा काचेवर आला, आणि मास्तर ओरडले. "सावकाश" नव्हे. नुसतंच "हेऽऽऽ!" ज्या गोष्टीवरून सव्वीस वर्षं लोकांना झापलं, ती इतकी गोड असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बास, बास, असंच!" मुलगी म्हणाली. "पण आता उतार आहे हं... काका... काका!"

चौथी फेरी. शेवटची. उतार संपून समोर लांबलचक मोकळा पट्टा लागला. मास्तरांनी क्षणभर शेजारी पाहिलं. मुलीचा पाय पुढे ताणलेला होता आणि गाडीच्या उघड्या पत्र्यावर सगळ्या ताकदीनिशी दाबला जात होता. तो पाय मास्तरांनी कुठेही ओळखला असता.

"तिथे काही नाहीये, बाळा," ते अत्यंत मायेनं म्हणाले, आणि त्यांनी वरचा गिअर टाकला.