तीन काचा

पिंपरी स्टेशनाजवळ दत्तोबांचा फोटो स्टुडिओ होता. औषधांचा नवा कारखाना सुरू झाला आणि पासासाठी फोटो काढायला कामगारांची रीघ लागली. पण त्या वर्षी दिवाळीनंतर फोटो पुसट यायला लागले. लोक परत यायचे. "दत्तोबा, ह्यात मला मीच वळखू येईना," म्हणायचे.

दत्तोबांनी दोष काचेवर टाकला. लाकडी कॅमेऱ्याच्या पाठीला एक घासलेली दुधी काच असते. काळ्या कापडाखाली डोकं घालून बघितलं, की समोरचं माणूस तिच्यावर उलटं उमटतं. ते रेखीव दिसलं की फोटो घ्यायचा. ती काच झिजली असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुण्याच्या उद्धवरावांना निरोप धाडला. कॅमेऱ्याचं सामान विकणारा हा त्यांचा जुना दोस्त.

उद्धवराव तीन काचा घेऊन आले. दत्तोबांची बायको, इंदुताई, समोर खुर्चीवर बसली.

पहिली काच जाड दाण्याची, भरड घासलेली. "नुसता दाणा दिसतोय," दत्तोबा कापडाखालून म्हणाले.

दुसरी बारीक दाण्याची. "अंधारी हाय."

तिसरी बसवली. दत्तोबा बराच वेळ बघत राहिले. "रेघा आखलेली काच आणतो म्हणाला होतास. ती कुठंय?"

"तीच लावलीय," उद्धवराव म्हणाले. मग त्यांनी स्वतः कापडाखाली डोकं घातलं. रेघा ठसठशीत होत्या. वहिनींच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता. बाहेर येऊन ते हळूच म्हणाले, "दत्तोबा, काचेत काही खोट नाही."

"असं व्हय," म्हणून दत्तोबा बाकावर बसले. आता भीती वाटेल, म्हणून ते वाट बघत राहिले. काहीच वाटलं नाही. इंदुताईंनी चहा दिला, तो ते प्याले.

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. ऐकताना दत्तोबा मान हलवत होते, दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराचं ऐकत असल्यासारखे.

चार दिवस स्टुडिओ बंद राहिला. पाचव्या दिवशी इंदुताईंनीच दार उघडलं, दत्तोबांना खुर्चीवर बसवलं आणि कापडाखाली डोकं घातलं. "अगं बाई, तुम्ही उलटे दिसताय!"

"उलटंच दिसतं. कुठली काच ठेवायची, बोल."

तिनं तिन्ही पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. "बारीक दाण्याची. अंधारी आहे, पण डोळ्यातला ठिपकासुद्धा दिसतो. आता हलू नका हं."

दत्तोबा हलले नाहीत. फोटोची प्लेट मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनीच धुतली. तिथल्या अंधारात त्यांचे हात पूर्वीसारखेच चालले.

फोटो छापून झाला तसा इंदुताईंनी तो त्यांच्या हातात दिला. दत्तोबांनी डोळ्यांजवळ धरला. करडा डाग दिसला.

"कसा आलाय?" तिनं विचारलं.

"चांगला आलाय," ते म्हणाले आणि चाचपडत त्यांनी तो दोरीवर वाळत घातला.