टाकीतला दुसरा सूर

मत्स्यालयातल्या टाकीजवळच्या स्पीकरची कळ वडिलांनी चौथ्यांदा फिरवली, तरी गुणगुण तशीच.

"राहू द्या हो बाबा. बिघडलेलं काही नाही. तो मासा आहे."

"मासा?"

टाकीच्या तळाशी, मातीच्या नळीत, वीतभर लांब, सुरीच्या पात्यासारखा. अंगातून तो अगदी हलकी वीज सोडतो. भोवतीच्या पाण्यात ती कुठे अडते, कुठे वळते, यावरून अंधारातही त्याला दगड कळतो, शेजारी कळतो. पाण्यात दोन तारा सोडल्या की ती वीज ऐकू येते. मुलीने हे एका दमात सांगितलं. मासे सांभाळणं तिचं काम, आणि वडिलांची बस दोनला होती.

पंधरा दिवसांपूर्वी ते तिच्याकडे कायमचे राहायला आले होते. पण सकाळी सातला चहा करायची सवय त्यांना, तशी जावयालाही. एक ओटा, एक शेगडी. "तुम्ही करा." "छे, तुम्हीच." रोज. काल म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी नकोत. बॅग भरली.

तिने जाळीतून नवा मासा टाकीत सोडला आणि नोंदवहीत लिहिलं:

११.१०. विजेचे ठोके, सेकंदाला: जुना ४०२, नवा ४०४.

गुणगुण थरथरू लागली. आयुष्यभर पियानो जुळवत आलेले वडील ताठ झाले.

"दोन तारा जवळजवळ सारख्या झाल्या की असंच होतं. आता जुळव की."

"सूर एक झाला, तर आपली वीज कुठली, शेजाऱ्याची कुठली, हेच कळत नाही. दोघंही आंधळे."

११.११. जुना ३९५, नवा ४१२.

थरथर बारीक होत गेली. वडिलांनी डोळे मिटून ऐकलं.

"बेसूर आहेत," ते म्हणाले. "पण सुखात दिसतायत. आधी कोण सरकलं?"

"दोघंही. थोडं थोडं."

११.१३. बदल नाही. वडील खुर्चीवर बसले.



"जावईबापू साडेसहाला काय करत असतात गं?"

"घोरत असतात."

वडिलांनी खिशातून तिकीट काढलं, हात लांब करून वाचलं.

"हे परत घेतात का?"

"एकच्या आत नेलं तर," ती म्हणाली, आणि धुतलेली जाळी पुन्हा नळाखाली धरली.