तिसरी फुंक

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, समुद्राचं मला आता काही आठवत नाही. कुणा कारागिरानं माझं टोक कापून तोंड केलं आणि माळव्यातल्या धारच्या एका राममंदिरात, पुजारी चिंतामणीरावांच्या घराण्यात, मी पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलो. माझं कौतुकही फार. आरतीला जो मला तीनदा लांब फुंकेल, त्यालाच पुढे पूजेचा मान, अशी त्या घरची रीत.

चिंतामणीरावांचा एकुलता मुलगा नीलकंठ. मुंजीनंतर त्यानं मला ओठांना लावलं, तेव्हाच मला कळलं की याचा श्वास तोकडा आहे. पहिली फुंक बरी, दुसरी कापरी आणि तिसरी अर्ध्यावर तुटायची.

"अरे भिया, जरा जोर लगाओ!" म्हणत लोक तिथल्या हिंदीत हसायचे; भिया म्हणजे भाऊ.

"नुसता आळस! फुंकत राहा, छाती उघडेल," वडील म्हणायचे.

तो बिचारा फुंकत राहिला. पंचविशी उलटली तरी दम वाढला नाही. उलट मंदिराच्या पायऱ्या चढतानाही तो मध्येच बसू लागला. मान गेला चिंतामणीरावांच्या पुतण्याला आणि नीलकंठ गेला पीथमपूरच्या कारखान्यात. तिथंही धाप लागणं थांबलं नाही, म्हणून वडील त्याला इंदूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

परतल्यावर तिथलं सगळं ऐकून त्याची आई विनोदिनीबाई देवापुढेच नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टरांनी विचारलं, दिवस भरले होते का. तुम्ही 'होय' असं का सांगितलंत? सातव्या महिन्यातला तो. कापसात गुंडाळून, सुपात ठेवून जगवला मी."

"हळू बोल! दृष्ट लागते. वाचला ना? मग झालं!"

दारात नीलकंठ उभा होता. आपण अपुऱ्या दिवसांचे, म्हणूनच छाती कच्ची राहिली, हे त्याला तेव्हा कळलं.

"मग मला आळशी का म्हणत होतात, दादा?" त्यानं वडिलांना विचारलं.

चिंतामणीराव समईची वात सारखी करत राहिले. मला चीड आली, पण कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता कुठं येतं?

पुढे एका रामनवमीला म्हाताऱ्या चिंतामणीरावांनी हौसेनं मला उचललं. तिसरी फुंक त्यांचीही तुटली. कुणी हसलं नाही. "दादांना दम लागला, स्टूल आणा!" म्हणून सगळे ओरडले. स्टूल आणलं नीलकंठानंच, पायऱ्यांवर दोनदा थांबून. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं माझं मागणं नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचलं म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. ते मोठं झाल्यावरही त्याचा श्वास सांभाळा. आणि स्टूल एकच असेल, तर आधी त्याला द्या.