जागा बदलणारी शीर

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका कार्यालयात जोव्हेलिन परदेशी रुग्णांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देत असे. शिक्षण परिचारिकेचे, पण आजारी माणसाच्या अंगाला हात लावून तिला वर्षे लोटली होती. त्या दुपारी तिने कोड दिलेली एक नोंद घेऊन तपासनीस रामिल सर टेबलापाशी आले.

"तीन कोड दिलेस, दाय? दंड, पोटरी, छाती?" धाकट्या बहिणीला हाक मारावी तसे त्यांनी विचारले.

"तीन भेटी, तीन जागा, सर. एक शीर बरी झाली की दुसरी सुजायची."

"शेवटच्या भेटीत डॉक्टर काय म्हणतात? गुठळ्यांमुळे पुन्हा पुन्हा येणारी, फिरती सूज. म्हणजे एकच कोड, आय ८२.१. जागा बदलते हीच तिची ओळख. आपल्या मनाने काही जोडायचं नाही हे खरं, पण त्यांनी जोडलेलं तोडायचंही नाही."

जोव्हेलिनने ती नोंद शेवटपर्यंत वाचली. रुग्णाच्या स्वादुपिंडात गाठ सापडली होती. अशा फिरत्या सुजेआड कर्करोग दडलेला असू शकतो, हे तिने कधीकाळी परीक्षेपुरते पाठ केले होते.

आणि एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे नानाय, तिची आई, उभी राहिली. जानेवारीत, दिनाग्यांगच्या उत्सवात, आईच्या हातावर लाल दोरीसारखी शीर ताठरली होती. ती इस्त्रीच्या ओझ्याने, असे जोव्हेलिनच म्हणाली होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत पोटरीवर उठली, तेव्हा तिने डासांना दोष दिला. आता ती बरगडीखाली होती, आणि आज गल्लीतली मालिशवाली मानांग पुरिंग ती चोळायला येणार होती. जोव्हेलिन सुट्टी मागायलाही थांबली नाही.

घरात तेल कोमट झाले होते. आई चटईवर आडवी होती. पुरिंगचा अंगठा बरगडीकडे निघाला होता.

"मानांग, हात काढा!"

"अगं, पास्मा आहे हा, गरम-गारची बाधा," पुरिंग दुखावून म्हणाली. "इस्त्रीचे तापलेले हात गार पाण्यात घालते तुझी आई. तिच्या नसा मी ओळखते."

"चोळलं तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाईल."

"आली डॉक्टरीण!" आई हसली. "हात बरा झाला ना मागे? पायही झाला."

"बरा नाही झाला, नानाय. ते पुढे सरकलं."

आई उठून बसली, तेव्हा तिचा झगा खांद्यावरून घसरला. हाडे वर आली होती. नवरीची कंबर परत मिळाली म्हणून ती गल्लीभर मिरवत होती, आणि जोव्हेलिन तिच्याबरोबर हसत होती.

तासाभरात ती आईला रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टरांनी प्रथम हात पाहिला, मग पोटरी, मग बरगडीखालची शीर. जोव्हेलिनने तिन्ही गोष्टी एका दमात, एकाच आजाराच्या म्हणून सांगितल्या. डॉक्टरांनी आईच्या पोटावर बोटे ठेवली आणि हळूहळू दाबली.

"पाठ दुखते का, आजी?"

"इस्त्रीवालीची पाठ ती, डॉक्टर. दुखणार नाही तर काय?"

डॉक्टर बोटे न उचलता तिथेच थांबले.

"जेवण जातं?"

"भाताचा वासही नको होतो. या उकाड्यात कोणाला भूक लागते?"

त्यांनी परिचारिकेला पोटाच्या स्कॅनसाठी आजच वेळ मागायला पाठवले. मग जोव्हेलिनकडे न पाहताच विचारले, "घरी आणखी कोण असतं?"

"कोण असणार? मी आणि ही," आई झग्याची बटणे लावत म्हणाली. "का? जेवायला येताय?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उठून दार लावून घेतले.