शोकाकुलांची ओळ

नवनाथने पडद्यावर ‘कै.’ टाईप केलं तेव्हा गौतमीने त्यावर बोट ठेवलं.

“कैलासवासी नको. कालकथित लिहा.”

“सवय, ताई,” तो म्हणाला आणि त्याने दुरुस्त केलं. कालकथित रोहिदास म्हाळू ओव्हाळ.

केडगाव स्टेशनजवळच्या नवनाथच्या फ्लेक्स छपाईच्या गाळ्यात शाईचा उग्र वास कोंडला होता. रविवारी तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या पुण्यानुमोदनाचा विधी होता. फ्लेक्स दुसरीकडेही छापून मिळाला असता. पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन नवनाथ होता, आणि ती शिरूरहून इथवर आली होती ती त्याला एकच विचारायला. आप्पांचा तो स्टिकर बनवला कुणी?

कुरकुंभच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर आप्पा रोज संध्याकाळी वस्तीतल्या बंद दिव्याचा फोटो तक्रार म्हणून ग्रुपवर टाकत. लगेच खाली स्टिकर म्हणून त्यांचाच आ वासलेला चेहरा येई, वर ‘आप्पा बोलले, गाव हाललं’. मग तोच चेहरा ओळीने, पाठवणारे नंबर तेवढे वेगळे. पुढे पुढे आप्पांनी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी खाली तोच. दिवाळीनंतर त्यांनी ग्रुपवर लिहिणं सोडलं. मग विहारात माईक हातात घेणंही. त्यांच्या जाण्याच्या बातमीखालीसुद्धा कुणीतरी तो टाकला होता आणि घाईने डिलीट केला होता.

नवनाथने फोनवर दिलेलंच उत्तर पुन्हा दिलं.

“ट्रोलिंग हाय ते, ताई. आता कुणाचं होत न्हाई? कुठनं तरी कुणी तरी बनवतं, येतं फिरत फिरत. मनाला लावून घ्यायचं नसतंय.”

गौतमीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. हे तिला आता किती जणांना सांगावं लागणार होतं कोण जाणे.

“ट्रोल करणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊकही नसतो, नवनाथ. चिखल उडवला की तो पुढे जातो. इथं सगळ्यांना आप्पांचं घर माहीत होतं. एकच माणूस, आणि रोज. याला छळ म्हणतात.”

“नाव काय बी द्या. हेतू गमतीचाच हुता.”

“कुणाचा हेतू?”

नवनाथने माऊस उगाच इकडून तिकडे फिरवला.

“म्हंजी… ज्यानं कुणी बनवला त्याचा.”

तिने पर्समधून आप्पांचं कंपनीचं ओळखपत्र काढून दिलं. त्याने ते स्कॅन केलं, पण फोटो मोठा करताच चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

“ह्यो फुटतोय. आप्पा चांगलं दिसाय पायजेत की,” विषय बदलल्याच्या हुरुपात तो म्हणाला. “थांबा, कटिंग केल्याला फोटो हाय माझ्याकडं.”

त्याने एक फाईल ओढून आणली आणि पडदाभर आप्पा आले.

ग्रुपवरचा चेहरा अंगठ्याएवढा, धुरकट असायचा. हा मोठा, स्वच्छ, मागची निळी पताका काढून टाकलेला. केस न केस नीट सोडवलेला, तोंड तसंच उघडं, हनुवटीखाली अर्धा कापला गेलेला माईक.

मागे मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स छापत होतं. नवनाथने बाण फाईल बंद करायच्या खुणेकडे नेला.

“राहू द्या,” गौतमी म्हणाली. “बोलताना आहेत. हाच छापा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आप्पांना मधोमध बसवलं, नाव खाली घेतलं, कडेला पिंपळपान लावलं. मग विचारलं,

“खाली शोकाकुल कुणाकुणाला घेऊ?”

“समस्त ओव्हाळ परिवार. आणि ओळीत पहिला फोटो तुमचा.”

“माझा कशापायी, ताई?”

“आप्पांच्या ओळखीचे ना तुम्ही.”

नवनाथने मोबाईलमधला आपला एक फोटो घेतला आणि कानाच्या कडेने कापायला सुरुवात केली. पहिल्यांदा कान तुटला. त्याने परत घेतलं. पुन्हा तुटला.

गौतमीने स्टूल पुढे ओढलं आणि पडद्याजवळ बसली.

“सावकाश,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”