असू दे

क्रेनचालकाने रिपोर्टची चौथी घडी घातली आणि तो हेल्मेटच्या आतल्या पट्ट्यांमध्ये खुपसला. बायकोचा हात जाणार नाही अशी घरात तेवढी एकच जागा त्याला सुचली. मग बूट काढून तो आत गेला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" शिलाई मशीनवरून मान वर न करता बायकोने विचारलं.

"ठणठणीत म्हणाल्या."

हे अगदीच खोटं नव्हतं. पोट दुखत नाही, वजन घटलेलं नाही, रक्त पडत नाही, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं होतं. मग रक्ततपासणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला होता. आतड्याच्या जुन्या दुखण्याने डोकं वर काढायच्या आधी रक्तातले तीन आकडे हलतात. एखादा हलला तर वाट बघता येते. याचे तिन्ही आकडे लागोपाठ दोन तपासण्यांत चढले होते.

"पोट गप्प आहे, पण रक्त बोलायला लागलंय," त्या म्हणाल्या होत्या. "दोन-तीन महिन्यांत दुखणं उलटू शकतं. उलटेलच असं नाही. पण आत्ता औषध वाढवलं तर टळायची शक्यता बरीच आहे. ते लागू पडेपर्यंत सहा आठवडे वर चढू नका."

"पण मला काही होत नाहीये."

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

वर म्हणजे साठ मीटर. शिडीने उतरायला पंधरा मिनिटं, आणि केबिनमध्ये खुर्ची, दांडे आणि काचा याखेरीज काही नाही. तिथे बसून तो दिवसभर वॉकीटॉकीवर खालच्यांची हजेरी घ्यायचा, म्हणून साइटवर सगळे त्याला आकाशवाणी म्हणत. तीन वर्षांपूर्वी दुखणं उलटलं तेव्हा तो वरच होता. अर्ध्या शिडीवर व्हायचं ते होऊन गेलं. खाली कोणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. पुढे वर्षभर तो गोदामात नटबोल्ट वाटत बसला. केबिन परत देताना इंजिनिअरसाहेबांनी बजावलं होतं, पुन्हा वर असताना असं झालं तर कायमचं खाली.

आणि महिनाअखेर पोलादी छताचा शेवटचा तुकडा चढवायचा होता. बाकीचे सगळे त्यानेच चढवले होते. शेवटचा दुसऱ्या कुणी उचलायचा, हे त्याला मुळीच सहन होत नव्हतं. आधी तुकडा, मग औषध, असं त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं.

बायकोने चहा आणून ठेवला. त्याने एक घोट घेतला.

"साखर आहे ना बरोबर?" तिने विचारलं.

साखर अजिबात नव्हती. "असू दे," तो म्हणाला आणि दुसरा घोट घेतला.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. दोऱ्याला बांधलेलं पेन उचलून तिने आजच्या तारखेवर एक निळा ठिपका काढला. असे ठिपके तो कित्येक वर्षं पाहत आला होता.

"पाण्याचा जार आज कुठे आला?"

"जाराचे नाहीत ते."

"मग कशाचे?"

ती जरा घुटमळली. "तुम्ही 'असू दे' म्हणालात की मी ठिपका काढते."

तो हसला. ती हसली नाही.

"एरवी चमचाभर साखर कमी पडली तरी तुम्ही घर डोक्यावर घेता. आतून बिघडायला लागलं की तुम्हाला भांडायचा दम राहत नाही. मागच्या वेळीही असंच झालं होतं. गोड बोलणारा नवरा बघितला की माझ्याच पोटात गोळा येतो."

तो उठून कॅलेंडरपाशी गेला. या महिन्यात नऊ ठिपके होते. त्याने पान उलटलं. या खेपेचा पहिला ठिपका गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला होता. रक्तातले आकडे पहिल्यांदा चढलेले दिसले ती तपासणी एकोणीस तारखेची.

"म्हणजे आज साखर..."

"मुद्दामच घातली नव्हती. डॉक्टर रक्त काढून बघतात, मी साखर काढून बघते."

तो बाहेर गेला. हेल्मेट घेऊन आला, कागद ओढून काढला आणि टेबलावर हाताने सपाट केला. तिने तो सावकाश वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीकडे न जाता तो इंजिनिअरसाहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुम्हाला काही त्रास होतोय का?"

"नाही. म्हणूनच आत्ता सांगतोय."

"आणि शेवटचा तुकडा?"

खिडकीतून क्रेन दिसत होती. तो तिकडे बघत राहिला.

"उचलेल दुसरा कुणी."

"सहा आठवडे खालून इशारे द्या," साहेब म्हणाले. "मग बघू."

नवीन औषधाला तीन आठवडे झाले. छताचा शेवटचा तुकडा चढला त्या संध्याकाळी तो घरी आला, हात धुऊन टेबलाशी बसला आणि त्याने कप तोंडाला लावला. लगेच खाली ठेवला.

"हा चहा आहे का? साखर महाग झाली का? आणि तिकडे तो वरचा शहाणा. मी इशारा करतोय उजवीकडे, हा जातोय डावीकडे. चार बोटं वाकडा बसवला तुकडा, चार बोटं. पुन्हा उचलायला लावला मी. याला साधी बादली उचलता येणार नाही, आणि बसलाय माझ्या खुर्चीत..."

अर्धा तास आकाशवाणी चालू होती. बायकोने मशीन बंद करून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग तिने साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला.